छपराला लाखेचं सील

"चोरी झालीय, चोरी! सरकारी छप्पर चोरीला गेलंय आणि तुम्ही इथे चहा पिताय?"

असं ओरडत एक गृहस्थ ठाण्याच्या पायऱ्या चढले तेव्हा मी खरोखरच चहा पीत होतो, आणि त्यांच्या आवाजाने बशीतल्या चहावर लाटा उठल्या. आवाज असा की अच्छाडच्या तपासणी नाक्याकडे निघालेल्या ट्रकवाल्यांनी हमरस्त्यावर ब्रेक मारले असतील. आत कोठडीत एक ताडीबाज दोन दिवसांपासून घोरत होता. तोही उठून बसला आणि म्हणाला, "मी नाय नेला."

नोकरीत मी काय काय चोरीला गेलेलं पाहिलं नाही? चिकूच्या पाट्या पाहिल्या, सायकली पाहिल्या, डहाणूला एकदा भर वरातीतून नवरदेवाखालचा घोडा गेला आणि नवरदेवाला ते मांडवात पोहोचल्यावर कळलं. पण छप्पर? ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पालघर जिल्हा तेव्हा कागदावरही नव्हता, आम्ही सगळे ठाणे जिल्ह्याचे. डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. आमच्या ठाण्याचं स्वतःचं छप्पर असं गळायचं की पावसाळ्यात कोठडीतले आरोपी आपण होऊन गुन्हा कबूल करायचे आणि म्हणायचे, साहेब, आजच ठाणे शहरातल्या जेलला पाठवा, तिथे कोरडं असतं. तपासात माझा हातखंडा आहे असं वर सगळ्यांना वाटायचं. श्रेय त्या छपराचं होतं.

ओरडणारे गृहस्थ बांधकाम खात्याचे ओव्हरसियर. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. फिर्याद अशी की झरी गावाच्या पलीकडे एका पाड्यावर सरकारी दवाखाना आहे. इंग्रजांच्या वेळची जंगल खात्याची दगडी चौकी, नंतर तिथे एक नर्सबाई आणि एक खाट आली, म्हणून दवाखाना. त्याचं आख्खं छप्पर, लाकूड-कौलांसह, पाड्यातल्या लोकांनी पळवलं.

हवालदाराला घेऊन जीपने निघालो. हा हवालदार वाढवणचा, मच्छीमाराच्या घरातला. मासळीचा दर आणि माणसाचा खोटेपणा तो वासावरून सांगायचा. पाड्यावर पोहोचलो, उतरलो, मान वर केली. दवाखान्यावर छप्पर होतं. चांगलं मजबूत, दोन्ही अंगांना नीट उतरलेलं, एक कौल तिरकं नाही.

मी ओव्हरसियरांकडे बघितलं. "हे काय आहे?"

"हे ते नाही."

"म्हणजे?"

"हे आमचं छप्पर नाही, साहेब. आमचं कुजलेलं होतं."

हवालदार जीपच्या मागे गेला. तो हसताना साहेबांना दिसू नये एवढी शिस्त त्याला होती.

ओव्हरसियर थोडे निवल्यावर खरी गोम कळली. खात्यात प्रत्येक खर्चाला एक खातं असतं, त्याला ते 'हेड' म्हणतात. त्यांनी मला समजावलं, "नव्या बांधकामाला हेड आहे. वादळात इमारत पडली तर आपत्तीचं हेड आहे. पण इमारत नुसती म्हातारी झाली तर हेड रिकामं. दुरुस्तीची पत्रं नर्सबाई दरवर्षी लिहिते, दरवर्षी उत्तर जातं, तरतूद नाही. म्हणून मी इमारत धोकादायक म्हणून वर कळवली. मोठे साहेब बघायला येणार, पाडायचा हुकूम देणार, मग नवी मंजूर. सगळं सेट होतं. आणि ह्या लोकांनी ती चांगली करून ठेवली."

"म्हणजे जिवंत असेपर्यंत औषध नाही, आणि मेल्यावर सरणाची लाकडं फुकट," मी म्हणालो.

"नियम मी केलेले नाहीत, साहेब."

"नवी इमारत इथेच होणार ना?"

त्यांनी छपराची कौलं मोजायला घेतली. हवालदाराने मला नंतर सांगितलं. नवी इमारत हमरस्त्यालगत होणार होती, एका पुढाऱ्याच्या पेट्रोल पंपाशेजारी. पाड्यापासून तिथे पायी जायचं तर दुपार सरायची. आजारी माणसाने तेवढं चालायचं, आणि चालून बरा झाला तर परत यायचं.

फिर्याद तर घ्यावीच लागते. ठाण्यात येऊन, सही करून, शुद्धीवर असलेल्या सरकारी माणसाने दिलेली फिर्याद. मी गुन्हा नोंदवला. त्यांनी आग्रहाने कलमं घालायला लावली, चोरी आणि सरकारी मालमत्तेचं नुकसान. घातली.

मग खबर आली. पाड्याच्या वाटेवर एका गुजराती शेठचं किराणा दुकान होतं. सुतळीपासून सुपारीपर्यंत सगळं. शेठ स्वतः आला, खुर्चीच्या कडेवर बसला.

"साहेब, मी चुगली नाय करत, मी तो धंधो करतो."

"बोला शेठ."

"एका दिवसात आख्खा पाडा काथ्या घेऊन गेला. दुकानातला बधो काथ्या संपला. मी विचारलं, कोणाची मयत झाली? नाय म्हणाले. लगीन? नाय. मग साहेब, एवढा काथ्या कशाला? एवढ्या काथ्यात तो आख्खा तालुका बांधून होईल."

काथ्याने बांबू बांधतात. म्हणजे छप्पर पाड्यानेच केलं होतं, आणि एका दिवसात. पण एवढी कौलं, एवढे बांबू आले कुठून? आसपासच्या बागायतींमधून, वखारींमधून काही गेल्याची तक्रार नव्हती. दुसरीकडून चोरलेला माल असेल तर ओव्हरसियर खरा ठरणार होता आणि पाड्यातल्या निम्म्या गड्यांना बेड्या पडणार होत्या.

पाड्याचा कारभारी एक म्हातारा होता. त्याला ठाण्यात बोलावलं. काठी दाराबाहेर ठेवून आत आला, जमिनीवर बसला. मी खुर्ची दाखवली, तो म्हणाला, "ती गळती हाय. इथं कोरडा हाय." मी वर बघितलं. पाऊस अजून आला नव्हता, पण आमच्या छपराची भेग बरोबर त्या खुर्चीवर होती. हा माणूस कसलेला आहे हे मी तिथेच ओळखलं.

"बाबा, दवाखान्याचं छप्पर कोणी काढलं?"

"वाऱ्यानं."

"आणि हे नवं कोणी घातलं?"

"वाऱ्यानंच."

"वारा कौलं लावतो होय?"

"तुमचं ते सायब सांगत होतं, वाऱ्यानं पाडला तर पैसं येतात. वारा पैसं आणतो, तर कौलं नाय आणणार?"

हवालदार दरडावून म्हणाला, "नीट सांग बाबा, साहेब लई तापट आहेत. मागच्या महिन्यात एकाला नुसतं बघून ताप आला."

म्हाताऱ्याने माझ्याकडे निरखून बघितलं. "आमच्याकडं नर्सबाय हाय. तापाची गोळी देते."

तासभर विचारलं, तासभर वारा वाहिला. मी मोठमोठ्या दरोडेखोरांना बोलतं केलं आहे, गुजरात बॉर्डरवरचा एक दारूवाला तर माझ्या मिशा बघून आपल्या मेव्हण्याचंही नाव सांगून मोकळा झाला होता. या म्हाताऱ्यापुढे मिशांचा काही उपयोग होईना. शेवटी सोडून दिला. जाताना एवढंच म्हणाला, "सून माझी भरल्या दिवसांची हाय, सायब. दवाखाना बंद करू नका. बाकी मला आत घाला."

दुसऱ्या दिवशी घटनास्थळाचा पंचनामा करायला पुन्हा दवाखान्यात गेलो. नर्सबाई साताऱ्याकडची, बदलीवर आलेली आणि नंतर इथलीच झालेली. स्टोव्हवर सुया उकळत होती.

"बाई, छपराबद्दल काय सांगाल?"

"मला विचारू नका, साहेब. मी मान खाली घालून काम करते. माझं गिऱ्हाईक वरून येत नाही."

"छप्पर बदललं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"रजेवर."

"रजेचा अर्ज?"

"दिला तर होता. जुन्या छपरातून पाणी पडून भिजला असेल."

मी खाटेवर बसून पंचनामा लिहायला घेतला. 'समक्ष पाहणी केली असता' एवढं लिहिलं आणि कागदावर काळा ठिपका पडला. झटकला, तर पसरला. बोटांत चोळला. काजळी. वर बघितलं. छपराचे बांबू काळे-तांबूस, कडक चहासारखे, वर चमक. कौलांची खालची अंगं काळी कुळकुळीत. कित्येक वर्षांच्या धुराशिवाय हा रंग चढत नाही. पण दवाखान्यात चूल कधीच नव्हती, तो स्टोव्ह होता.

पेन ठेवलं, उठलो, हवालदाराला हाक मारली आणि सरळ पाड्यात शिरलो. पहिल्या घरात वाकून आत गेलो. आत काळोख, आणि त्या काळोखात बरोबर चुलीवर उन्हाचा एक चौकोन पडलेला. दुसऱ्या घरात गेलो. चुलीवर ऊन. तिसऱ्या घरात तेच. सगळा पाडा पालथा घातला. प्रत्येक घरात भर दुपारी चुलीला सूर्य दिसत होता.

कारभाऱ्याच्या घरी उंबऱ्याशी त्याची सून बसली होती, अवघडलेली. मी चुलीकडे बोट केलं. "हे काय?"

ती सासऱ्यासारखी वाऱ्यावर गेली नाही. "दवाखान्याला दिला."

"सगळ्या घरांनी चुलीवरचंच का दिलं? पडवीचं द्यायचं होतं. चुलीवर पाऊस येईल."

"चुलीवरच्या बांबूला भुंगा लागत नाय, सायब. धूर खाल्लेला असतो. पडवीचा पोखरलेला." मग म्हणाली, "दवाखान्याला पोखरलेला कसा द्यायचा?"

मागच्या खेपेला तिची वेळ आली तेव्हा दवाखान्याची खाट पावसात भिजत होती, म्हणून तिला मालाच्या ट्रकमधून डहाणूकडे नेत होते. मूल वाटेतच गेलं. हे तिने नाही, नर्सबाईने मला सांगितलं, आणि या वेळी तिची मान खाली नव्हती.

आता गुन्हा उघड झाला म्हणायचा. कोणाचं घर शाकारायचं असलं की सगळ्यांनी हात लावायचा, ज्याच्याकडे जे चांगलं असेल ते आणायचं, ही तिथली रीत. एका दिवसात घर उभं राहतं. त्यांनी दवाखाना म्हणजे पाड्यातलंच एक घर धरलं, बस्स. फक्त एक प्रश्न उरला. जुनं छप्पर कुठे गेलं? कुजकं का होईना, ते सरकारचं. ते विकलं किंवा जाळलं असेल तर चोरी ती चोरीच.

कारभारी मला दवाखान्याच्या मागे घेऊन गेला. तिथे एक नवा मांडव होता. गवताने सुरेख शाकारलेला, चारी बाजूंनी काटेरी कुंपण. मला वाटलं देवाचं ठाणं असेल, मी बूट काढायला वाकलो. आत बघितलं तर जुन्या छपराची कुजकी लाकडं, दगडांवर उचलून, खाली ओल लागू नये अशी ओळीने रचलेली. फुटकी कौलं, अर्धी आणि पाव, वेगवेगळी लावलेली. गंजके खिळे एका करवंटीत.

"हे काय, बाबा?"

"सरकारचा माल हाय. भिजला तर तुमी आमाला धराल."

"अहो, कुजलेलाच आहे तो."

"कुजला तो सरकारकडं कुजला. आणखी कुजला तर आमच्यावर येल." मग कुंपणाकडे बोट करून म्हणाला, "शेळ्या येतात, म्हून काटा लावला."

जिवंत माणसांच्या चुली उघड्या पडल्या होत्या आणि सरकारची सडकी लाकडं नव्या गवताखाली कोरडी होती. मी बत्तीस लक्षणी पोलीस, पण त्या मांडवापुढे डोक्यावरची टोपी काढली. हवालदाराच्या म्हणण्याप्रमाणे ही माझ्या नोकरीतली एकमेव वेळ.

एवढ्यात पाड्याच्या वाटेवर धूळ उडाली. ओव्हरसियर, मागे ट्रकमध्ये शिड्या आणि मजूर. मोठे साहेब दोन दिवसांत येणार होते, त्याच्या आत छप्पर उतरवायचं होतं.

"साहेब, गुन्हा कबूल झाला ना? मग बाजूला व्हा. अनधिकृत बांधकाम आहे, मी काढतो."

मजूर त्याच भागातले. त्यांनी शिड्या लावल्या, वर चढले, आणि कौलांवर बसून विड्या काढल्या. ओव्हरसियर खालून ओरडत होते, वरून धूर येत होता.

मी हवालदाराला म्हटलं, "जीपमधून लाख आण. आणि शिक्का."

खाटेवर अर्धवट राहिलेला पंचनामा मी पुरा केला. मजूर उतरवून घेतले, त्यांच्यातल्याच दोघांना पंच केलं. मग शिडीवर चढलो, चारी कोपऱ्यांच्या बांबूंना सुतळी बांधली, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली आणि वर लाखेचं सील ठोकलं. उतरलो आणि ओव्हरसियरांना सांगितलं, "तुमच्या फिर्यादीप्रमाणे गुन्ह्याचा तपास चालू आहे. हे छप्पर त्या गुन्ह्यातला मुद्देमाल आहे. तपास संपेपर्यंत एक कौल हललं तर हलवणाऱ्याला पुरावा नष्ट केल्याबद्दल आत घेईन. मग तो कोणत्याही खात्याचा असो."

"फिर्याद मी दिलीय."

"म्हणून तर."

ते लाल झाले, पांढरे झाले, मग मधला कुठलासा रंग झाले. "वर सांगतो तुमचं. बदली होईल."

"जरूर करा," मी म्हटलं. "फक्त छप्पर न गळणारं ठाणं बघा."

संध्याकाळच्या आत डीवायएसपी साहेबांचा फोन. फोनवर आमचे साहेब असे बोलायचे की रिसीव्हर कानाला न लावताही आख्ख्या ठाण्याला आदेश मिळायचे.

"छपराला सील मारलं म्हणे?"

"होय, सर. मुद्देमाल."

"मुद्देमाल जप्त करून ठाण्यात आणतात, एवढं तरी माहीत आहे ना?"

"आणला असता, सर. पण ठाण्यात ठेवायचा कुठे? आपलं छप्पर गळतं. मुद्देमाल भिजला तर कोर्ट विचारेल. दुरुस्तीचा प्रस्ताव मी तीनदा पाठवलाय."

दुरुस्तीचा विषय निघाल्यावर साहेबांचा आवाज एकदम खाली आला. मग साहेबांनी विचारलं, "मग आता मुद्देमाल कोणाच्या ताब्यात आहे?"

"नर्सबाईंच्या, सर. सुपुर्दनाम्यावर. तपास संपेपर्यंत छपराची काळजी घेईन आणि मागाल तेव्हा आहे त्या स्थितीत हजर करीन, असं लिहून दिलंय त्यांनी."

साहेबांनी फोन ठेवला. ठेवण्याआधी ते हसले की खोकले, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

बांधकाम खात्याचे मोठे साहेब आले. छप्पर बघितलं, सील बघितलं, मागचा मांडव बघितला. करवंटीतला एक खिळा उचलून परत ठेवला. ओव्हरसियरांना एवढंच म्हणाले, "धोकादायक काय आहे इथे?" आणि गाडीत बसले. उभी इमारत पाडायचा हुकूम काढायला त्यांची लेखणी धजावली नाही. फाईल परत गेली. दुरुस्तीला मात्र तेव्हाही तरतूद आली नाही. रंगाला आली. पुढच्या दिवाळीत दवाखान्याच्या भिंतींना पिवळा रंग लागला.

तपास मी इतका कसून केला की पावसाळा संपला. एकेक जबाब सावकाश घेतला. ज्यांना काहीही माहीत नव्हतं त्यांचे आधी. त्याच पावसाळ्यात, जप्त केलेल्या छपराखाली, कारभाऱ्याच्या सुनेला मुलगी झाली. धो धो पडत होतं आणि खाटेवर थेंब नव्हता. हवालदार पेढे घेऊन गेला आणि येऊन म्हणाला, "साहेब, मुद्देमालात एकाची वाढ झाली."

मग मी कोर्टाकडे समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवली. माल जागेवर आहे, हलवलेला नाही, उलट जास्त बरा ठेवला आहे, सबब चोरी घडलेली नाही. मंजूर झाली. बदलीही झाली, धमकी दिली होती त्याप्रमाणे. नव्या ठाण्याचं छप्पर जुन्यापेक्षा जास्त गळत होतं. लोकांनी शब्द पाळला नाही असं मी कधी म्हणत नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं पुष्कळ जण विचारतात. कायदा शिकलो म्हणावं, तर तो पाठच होता. शिकलो ते एवढंच. सरकारला पाडता येतं, बांधता येतं, मधलं जपणं मात्र कोणाच्या हेडमध्ये बसत नाही. मग ते ज्यांना गरज आहे त्यांच्यावर येतं, आणि ते करायला गेले की त्यांच्यावर गुन्हा नोंदवायला आमच्यासारखा कोणीतरी वर्दीत बसलेला असतो. त्या खुर्चीवर बसणाऱ्याने निदान फिर्याद शेवटपर्यंत ऐकावी, मान वर करून छप्पर बघावं आणि मग ठरवावं की लाख कुठे लावायची. वरून फोन येतील. येऊ द्यावेत. फोनने आजवर कोणाचं घर शाकारलेलं नाही.

नव्वदच्या दशकात एकदा डहाणूला कोर्टाच्या तारखेसाठी आलो होतो. वेळ होता म्हणून पाड्यावर गेलो. दवाखाना उभा होता. सिलाची लाख उन्हाने वितळून बांबूवर ओघळली होती, कोणी काढली नव्हती. नर्सबाई आत रांग लावून सुया टोचत होती, मला बघून म्हणाली, "मुद्देमाल सुस्थितीत आहे, साहेब." कारभारी दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसला होता, खूप थकलेला.

मी शेजारी बसलो. इतकी वर्षं डोक्यात असलेला प्रश्न विचारला. "बाबा, त्या पावसाळ्यात तुम्हा सगळ्यांच्या चुलीवर पाणी आलं असेल. मग केलंत काय?"

त्याने माझ्याकडे बघितलं, या माणसाला फौजदार कोणी केला, अशा नजरेने.

"चूल सरकवली," तो म्हणाला.